बोनस दिवाळीला, खर्च नाताळला

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांची खरी अडचण कोणी बोलत नाही म्हणून मीच लिहिते. बोनस मिळतो दिवाळीला. ऑफिस असो, दुकान असो, कारखाना असो, सगळीकडे तेच, दिवाळीच्या आधी पाकीट हातात. आणि आपला सण, नाताळ, येतो त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. तोपर्यंत त्या बोनसचं काय होतं ते विचारूच नका, गाडीचा इन्शुरन्स, मुलांची फी, आजूबाजूचे सगळे घेतायत म्हणून आपण पण घेतलेला मिक्सर, आणि २० डिसेंबरला बघावं तर खात्यात पगारातलं उरलंसुरलं. मग कार्ड बाहेर निघतं. इंदूरमध्ये आपली मराठी ख्रिस्ती घरं तशी थोडीच, पण चर्चच्या मंडळीतल्या कुठल्याही घरी जानेवारीत जाऊन बसा, चहाबरोबर हाच विषय निघतो.

मी सियागंजात एका होलसेलवाल्याकडे अकाउंट्स बघते, दिवसभर लोकांची उधारी लिहायची आणि वसुलीचे फोन लावायचे, त्यामुळे उधारीचं मला काही कौतुक राहिलेलं नाही. तसं या गावाला उधारीचं प्रेमच आहे. किशोर कुमार इथे क्रिश्चन कॉलेजात शिकायला होते तेव्हा कँटीनवाल्याचे ५ रुपये १२ आणे द्यायचे राहिले, हा किस्सा इंदूरचं शेंबडं पोर पण सांगतं. पण भिया (इंदुरी बोलीत भाऊ), त्या कँटीनवाल्याने महिन्याला साडेतीन टक्के लावले नव्हते ना.

तर आधी व्याजाचं बोलून घेऊ. समजा नाताळात कार्डावर २०,००० गेले. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२. बिलावर मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढे तरी भरा असा आकडा, छापून येतं, धरा ५ टक्के, १००० रुपये, आणि माणसाला वाटतं चला हजारात सुटलो. आता बघा, २०,००० वर महिन्याचं व्याज ७००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६, झाले ८२६. तुम्ही भरलेल्या हजारातून मुद्दल कमी झालं फक्त १७४ रुपयांनी. आणि बाकी ठेवली की नवीन खरेदीला मिळणारे ते बिनव्याजी दिवस पण जातात, जानेवारीत पेट्रोल भरलं तर त्याच दिवसापासून मीटर चालू. सप्टेंबर २०२५ मध्ये केक-बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ झाला, बदाम-पिस्त्यासारख्या सुक्या मेव्यावरचा १२ वरून ५ झाला, पण कार्डाच्या व्याजावर १८ चे १८ च आहेत. म्हणजे केक स्वस्त झाला, केकची उधारी नाही.

वरून कोणी लगाम लावेल अशी आशा असेल तर तेही विसरा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा एक निकाल होता की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं चुकीचं आहे, तो सुप्रीम कोर्टाने रद्द केला, आणि तारीख बघा, २० डिसेंबर २०२४, म्हणजे ऐन नाताळच्या खरेदीत. नो कॉस्ट ईएमआयचं, म्हणजे बिनव्याजी म्हणून विकतात त्या हप्त्यांचं पण तसंच. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, तरी मॉलमध्ये पोरं गळ्यात आयकार्ड घालून उभीच असतात. एकरकमी घेतलं असतं तर जो डिस्काउंट मिळाला असता तो सोडायचा, वर प्रोसेसिंग फी, आणि व्याजाच्या हिश्श्यावर जीएसटी वेगळा. हे सगळं मिळून "नो कॉस्ट".

आणि आता तर क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, रुपे कार्डाला २०२२ पासून ही सोय आहे. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही, पण दुकानात स्कॅन करताना तोच आवाज, तोच हिरवा टिक, आणि पैसे आपले गेले की बँकेचे हे त्या क्षणी कळत पण नाही. डिसेंबरपुरतं मी कार्ड त्या ॲपमधून काढून टाकते. नवरा हसतो, हसू दे.

बरं, खर्च होतो कशावर? लोकांना वाटतं फराळ आणि केकवर. अजिबात नाही. मैदा, साखर, रवा, तेल यावर कोणी कर्जबाजारी झालेलं मी पाहिलेलं नाही. कर्ज होतं २० ते २४ या चार-पाच दिवसांत. तेव्हा लक्षात येतं की धाकटीचे बूट राहिले, भाऊजी अचानक येणार म्हणून त्यांच्या मुलांना काहीतरी घ्यायला पाहिजे, बाहेरची लाइटिंग शेजारच्यांपुढे फिकी दिसते, आणि तेव्हा भाव बघायची सवड कोणाला असते, मिळेल ते मिळेल त्या भावात. म्हणून आमच्या घरात १५ डिसेंबरला खरेदी बंद. त्यानंतर फक्त दूध, भाजी आणि २५ ला सकाळी मटण. बाकी जे राहिलं ते राहिलं, बूट जुनेच पॉलिश करून घालायचे.

पैशाचं म्हणाल तर पाकिटं करते. चर्चमध्ये दानासाठी पाकिटं मिळतात ना, त्यातलीच उरलेली वापरते. बोनस आला की दुसरं काही घ्यायच्या आधी त्यातले १५,००० बाजूला, म्हणजे खरोखर बाजूला, मम्मींच्या कपाटात (मम्मी म्हणजे सासूबाई, त्यांच्याकडून पैसे परत काढणं बँकेपेक्षा अवघड आहे). पहिलं पाकीट दानाचं, ते ठरलेलं, त्याला कोणी हात लावायचा नाही. मग कपडे, फराळ आणि केक, कॅरलवाले (नाताळची गाणी म्हणत घरोघरी येतात ते), भेटी, २५ चं जेवण, आणि एक पाकीट "अचानक" नावाचं, कारण अचानक दरवर्षी येतंच. एका पाकिटातलं संपलं तर दुसऱ्यातून घेता येतं, पण घेताना सगळ्यांसमोर सांगून घ्यायचं. या एका नियमाने माझा नवरा सुधारला.

कपडे दिवाळीच्या सेललाच घेऊन टाकते. सितलामाता बाजारात दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते हे खरं, पण तेव्हा माल पण भरपूर असतो आणि भाव पण होतो. मुलं कुरकुरतात की आत्ता घेतलेलं दोन महिने बघत बसायचं. बसा. वाढत्या अंगाचं म्हणून एक साइज मोठं घ्यायचं, बस एवढं लक्षात ठेवायचं. नवऱ्याचा कोट लग्नातलाच आहे, दोनदा शिवणी सोडून झाल्यात, आता कापड संपलंय, पुढच्या वर्षी बघू.

लाइटच्या माळा भाऊबीज झाली की घ्यायच्या, रानीपुऱ्यात. दिवाळीचा उरलेला माल दुकानदाराला गोदामात न्यायचा नसतो. चांदणीसाठी तर मी पैसेच देत नाही. आकाशकंदील आणि आपली नाताळची चांदणी यात फरक तो काय, बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दिवाळी झाली की त्यांच्या कंदिलाचा सांगाडा मलाच आणून देतात, मुलगा त्याला काड्या बांधून पाच टोकं काढतो आणि खजुरी बाजारातून आणलेला कागद चिकटवतो. थोडी वाकडी होते. गॅलरीत लावली की खालून कळत नाही.

आता केक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे पैसे पण वाचतात आणि मजा पण आहे. केक आम्ही विकत आणत नाही आणि घरच्या ओव्हनमध्ये पण करत नाही, सामान घेऊन भट्टीवर जातो, जुन्या वस्तीतल्या बेकरीत. तयारी नोव्हेंबरात सुरू होते, संत्री यायला लागली की साली फेकायच्या नाहीत. सालीचा आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढायचा, नाहीतर सगळा केक कडू, मग दोनदा पाणी बदलून उकळायच्या, बारीक कापायच्या आणि साखरेच्या पाकात मुरत ठेवायच्या. बाजारात हीच साल डब्यात घालून कितीला विकतात ते बघून या एकदा. काजू, किसमिस, टुटीफ्रुटी मारोठिया बाजारातून, आणि सुका पेठा, पेठा पाहिजेच, त्याने केक ओलसर राहतो आणि मेवा कमी घातला तरी भरलेला वाटतो. काजू पण तुकडा घ्यायचा, अख्खा काजू केकात कापायचाच आहे तर अख्ख्याचे पैसे कशाला.

रंगासाठी साखर जाळायची. जाड बुडाच्या कढईत कोरडी साखर, मंद आच, आधी सोनेरी होते तेव्हा थांबायचा मोह होतो, थांबायचं नाही, चांगली काळपट होऊन धूर यायला लागला की लांबून गरम पाणी ओतायचं. लांबूनच, उडतं ते. हे घरी करून बाटलीत भरून न्यायचं.

भट्टीवर पाव निघाले की ताप जरा उतरतो, मग केक लागतात. कारागीर आपलं तूप आणि साखर मोठ्या परातीत घेऊन हाताने फेटायला बसतो, पूर्ण तळहात फिरवत, हलकं पांढरं होईपर्यंत, मग अंडी एकेक करून, मग मैदा, मग आपला मेवा. तिथून हलायचं नाही. तीन-चार घरांचं सामान शेजारी शेजारी असतं आणि तुमचं तूप दुसऱ्याच्या केकात जायला वेळ लागत नाही. मम्मी स्टूल घेऊन बसतात आणि अंडी मोजतात. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लागतात, भट्टीत लांब फळीवरून आत जातात, आणि बाहेर उभं राहून त्या वासात आपण गप्पा मारायच्या. भाजणावळ किलोवर असते. सामान आणि भाजणावळ धरून चांगल्या दुकानातल्या प्लम केकच्या साधारण निम्म्यात पडतो, आणि २० नंतर रात्री-बेरात्रीचा नंबर लागतो म्हणून आम्ही १५ च्या आतच उरकतो. हा केक तसाही मुरल्यावर चांगला लागतो, लगेच खायची गोष्टच नाही.

फराळ पण तसाच, एकटीने करायचा नाही. आम्ही चार घरच्या बायका एका घरी जमतो, करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, एकच कढई, एकच तेल, एक लाटते, एक भरते, एक तळते, आणि एक नुसती बोलते (ती दरवर्षी ठरलेली आहे, नाव नाही सांगत). तेल सगळ्यात वाटून जातं, गॅस वाटून जातो. शेजाऱ्यांना ताटं जातातच, दिवाळीला त्यांची आलेली असतात, ते काही खर्चात धरायचं नसतं. फक्त ताटात भरलेली प्लॅस्टिकची शोभेची बास्केट आणि सोनेरी रिबीन हे जे नवीन सुरू झालंय ते मी करणार नाही, स्टीलच्या ताटावर क्रोशाचा रुमाल, झालं.

कॅरलवाले हा नाजूक विषय आहे. कॅरल पार्टी येते रात्री अकरा-साडेअकराला, कडाक्याची थंडी, तीस-चाळीस माणसं, ढोलक, गिटार, त्यातली निम्मी कोण ते आपल्याला माहीत पण नसतं. पूर्वी चहा आणि केकचा एक तुकडा. मग एका घरी समोसे झाले, पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी समोसे आणि कोल्ड्रिंक, मग कोणीतरी पनीर रोल मागवले, आणि आता हळूहळू असं झालंय की काही घरं चक्क निरोप पाठवतात की यंदा आम्ही गावाला आहोत. दिवे बंद करून घरातच बसलेली असतात. हे मला फार लागतं. गाणी म्हणायला आलेल्या लोकांना बघून माणसाने दिवे बंद करावेत? मी सरळ पोहे करते. पातेलंभर पोहे, वर बारीक शेव, जीरावन (पोह्यांवर टाकायचा इंदुरी मसाला), लिंबू, आणि आल्याचा चहा. इंदूरमध्ये रात्री बारा वाजता गरम पोह्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. गराडू (तळून खायचा कंद) करा असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं, थंडीत गराडूच पाहिजे वगैरे, पण गराडू दोनदा तळावं लागतं, तेल पितं, आणि तळणारी बाई सगळी गाणी संपेपर्यंत स्वयंपाकघरातच. मला गाणी ऐकायची असतात. चर्चची उपासना इथे हिंदीत असते, त्यामुळे नारायण वामन टिळकांची मराठी गाणी ऐकायला मिळतात ती याच रात्री, कोणीतरी जुने काका पेटीवर सूर धरतात तेव्हा.

भेटींचं आम्ही बदललं. पूर्वी प्रत्येकजण प्रत्येकाला, म्हणजे तीन भावंडांची घरं, सगळी मोठी माणसं, एकमेकांना तेच ते बेडशीट आणि तीच ती क्रॉकरी. आता मोठ्यांच्या चिठ्ठ्या टाकतो, ज्याला ज्याचं नाव निघेल त्याने त्यालाच द्यायचं, ५०० च्या आत. मुलांना मात्र सगळ्यांना. नणंदबाईंना हे पटायला वेळ लागला, "वहिनी, वर्षातून एकदा तर सण येतो, त्यात काय चिठ्ठ्या", असं त्या अजून म्हणतात, आणि त्यांचं पण बरोबर आहे, हौस त्यांना जास्त आहे. पण मागच्या वर्षी त्यांच्या चिठ्ठीत माझा नवरा निघाला आणि त्याला त्यांनी त्यांच्या वडिलांचा जुना रेडिओ दुरुस्त करून दिला, दुरुस्तीचे साडेतीनशे लागले, आणि तो माणूस तासभर त्या रेडिओची बटणंच फिरवत बसला होता.

मुलाचं सांताला पत्र हा वेगळाच किस्सा. बूट मागितले होते, सहा हजारांचे, ब्रँडसकट लिहिलेलं, साइज पण. मी त्याला सांगितलं की सांताला आपल्या घरासाठी दीड हजारच मंजूर आहेत, बाकीच्याचं त्याने बघायचं. त्याने दोन दिवस विचार केला आणि विचारलं, सांता दोन वर्षांचे एकत्र देतो का? अकाउंट्सवालीचा पोरगा आहे शेवटी. मी म्हटलं देतो, पण मग यंदा काही नाही. मग बूट राहू दे म्हणाला, बॅट घेतली. ज्यांच्या घरी नाताळ नाही पण शाळेच्या कार्यक्रमासाठी सांताचा ड्रेस पाहिजे त्यांनी विकत घेऊच नका, फॅन्सी ड्रेसवाले भाड्याने देतात, फक्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगून ठेवायचं.

गावाला जायचं असेल तर रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. म्हणजे २४ डिसेंबरचं तिकीट २५ ऑक्टोबरला. ते चुकलं की खाजगी बस, आणि त्या आठवड्यातले स्लीपरचे भाव बघून मी तरी इथेच थांबते.

हे सगळं कंजूषपणा आहे असं कोणाला वाटत असेल तर एक सांगते. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीया आणि योसेफाने कोकरू नाही वाहिलं, पाखरांची जोडी वाहिली. यहुद्यांच्या नियमशास्त्रात तशी सवलतच होती, ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांनी यावर एकदा उपदेश केला होता, मोठा होता, बाकीचा विसरले, पण एवढं लक्षात राहिलं की खुद्द त्या घराने ऐपत बघून केलं, बेथलेहेमच्या सावकाराकडे कोणी गेलं नाही. त्या दिवशी चर्चमध्ये बऱ्याच लोकांनी माना खाली घातल्या होत्या, डिसेंबरचा शेवटचा रविवार होता ना.

ज्यांना बोनसच मिळत नाही त्यांचं काय, हे मला नेहमी विचारतात. त्यांनी जानेवारीपासून महिन्याला थोडे थोडे टाकायचे, दुसरा मार्ग नाही. भिशी चालते आपल्याकडे, माझी पण आहे, पण भिशीत सगळं माणसांवर असतं, पहिल्याच महिन्यात उचलून घेणारी नंतर फोन उचलत नाही असं होतं, तेव्हा ओळखीच्या पाच-सहाजणींपलीकडे जाऊ नका आणि नाताळचा पैसा असेल तर उचल नोव्हेंबरचीच मागा. त्यापेक्षा बँकेत आरडी (दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव) सरळ. पोस्टाची पाच वर्षांची असते, ती यासाठी कामाची नाही, बऱ्याच बँकांची सहा महिन्यांपासून पुढे मिळते, जानेवारीत सुरू करून नोव्हेंबरला संपणारी घ्यायची, हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा ठेवायचा. हजाराचा हप्ता धरला तर दहा हप्त्यांचे दहा हजार आणि वर थोडं व्याज, या वेळी व्याज आपल्याला. आमच्या फराळवाल्या चौघींपैकी दोघींनी यंदा सुरू केली आहे, तिसरी म्हणते आधी मागच्या नाताळचे हप्ते संपू देत, मार्चमध्ये संपतात.